मोजलेले चाळीस घाव

ताईचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, पण दाजींची आणि माझी खरी ओळख झाली ती मी त्यांचं नाक फोडलं त्या दिवशी.

कारण साधं होतं. ताईला सातवा महिना होता. उन्हाळा असा की दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. आणि ह्या गृहस्थांनी तिच्या डोक्यावरचा पंखा उतरवून खोलला, कारण त्यांना पंख्यातली बेअरिंगं हवी होती. ताई फोनवर रडली नाही. नुसती म्हणाली, "पंखा सायकलीत गेला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भंगाराच्या आवारात जुन्या गाड्या फोडतो, दिवसभर दहा किलोचा घण चालवतो, म्हणून तिथे मला सगळे घण्याच म्हणतात. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दाजींची हाडं मोकळी करायला निघालो.

ते घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होते. लाँड्रीतून टाकून दिलेल्या इस्त्रीयंत्राचे दोन रूळ जमिनीवर बसवले होते, त्यांच्यावर सायकल चढवून जागच्या जागी पेडल मारणं चाललं होतं. अंगावर फक्त चड्डी, डोळे मिटलेले, खाली घामाचं थारोळं. मी काही विचारलं नाही. दंडाला धरून खाली खेचलं आणि नाकावर एक ठेवून दिली. दुसरी पोटात. ते पडले, पण पडल्या पडल्या आधी हात घालून सायकलीचं फिरतं चाक थांबवलं आणि मग नाक धरलं. रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं.

"डाव्या पायावर भार देऊन मारतोस," ते म्हणाले. "रोज मारतोस का?"

"गाड्या फोडतो."

"दिवसाला किती घाव?"

"मोजत नाही."

"मोजायला हवेत," असं म्हणून ते उठले, कोपऱ्यातला चार किलोचा हातोडा आणून माझ्या हातात दिला आणि भिंतीला टेकवलेल्या एका सांगाड्याकडे बोट केलं. "खांद्यापर्यंत उचलायचा. त्याच्या वर नाही. ह्या जोडावर दहा."

मी ज्याचं नाक फोडायला आलो तो माणूस मला काम सांगत होता. आणि मी ते केलं, ह्याचं मला आजही नवल वाटतं. सहाव्या घावाला जोड उकलला. दाजी गुडघ्यावर बसले, फुटलेल्या नळीत बोट घालून बघू लागले आणि खूश झाले. त्यांच्या नाकातलं रक्त त्या नळीत ठिबकत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

दाजींना सायकल कोणी शिकवली नव्हती, बनवायलाही नाही आणि चालवायलाही नाही. ते हॉस्पिटलच्या लाँड्रीत कपडे धुवायचे. सत्ताविसाव्या वर्षी, बस चुकते म्हणून पहिल्यांदा सायकलीवर बसले आणि महिन्याभरात बसच्या आधी पोचायला लागले. मग त्यांना वाटलं, सायकलच आपल्याला मागे ओढते आहे. म्हणून दुसरी बनवली. हॉस्पिटलच्या मोडक्या खाटांच्या नळ्या, पंख्याची बेअरिंगं, इस्त्रीच्या फळीचा तुकडा कोपर टेकायला, आणि पुढचं दातेरी चाक म्हणजे बॉयलरचं जुनं झाकण. त्याला त्यांनी कानशीने घासून घासून साठ दाते पाडले होते. डाव्या हाताची दोन नखं त्या कामात गेली ती परत आली नाहीत.

सायकल किती सोसते हे कळायला दुकानात यंत्रं असतात म्हणे. दाजींनी आपली रीत काढली होती. प्रत्येक वेळी दोन सांगाडे बनवायचे, एकाच खाटेच्या नळ्यांचे, एकाच दिवशी, जुळे. त्यातल्या एकाला जोडावर दहा असे दहा जोडांवर शंभर घाव घालायचे. तो शंभर खाऊन उभा राहिला तर त्याच्या जुळ्यावर बसायचं, मोडला तर दोन्ही भंगारात. मार खाणाऱ्या सांगाड्याला ओळख म्हणून फाटक्या चादरीची पट्टी बांधलेली असायची. लाँड्रीत वापरातून काढलेल्या चादरीवर 'रद्द' असा निळा शिक्का मारतात, नेमका तोच तुकडा. हातोडा आधी ते स्वतः चालवायचे, पण त्यांचा हात बसायचा नाही. लाडक्या पोराला मारल्यासारखे मारायचे. म्हणून त्यांना मी हवा होतो.

मोजायचं काम ताईचं. तीही लाँड्रीत, चादरी मोजण्यावर. चारशे चादरी मोजताना तिच्याशी गप्पा मारा, एकही चुकायची नाही. पंख्यावरून तिने दाजींशी महिनाभर अबोला धरला, पण त्या महिन्यातही शेडच्या दारात बसून घाव मोजले. दाजींशी बोलायची नाही, आकडे मात्र मोठ्याने म्हणायची.

दोन वर्षं मी दर सुट्टीला तिथे गेलो. खरं सांगतो, मला चांगलं काही येत नाही. शाळेत मारामाऱ्या, नोकरीत मारामाऱ्या, एकदा लग्न ठरलं होतं तेही मुलीच्या काकाच्या थोबाडीत मारून मोडून आलो. लोक मला बोलावतात ते काही फोडायचं असलं की. पण दाजी माझा हात बघायचे. "आजचा सातवा हलका गेला," म्हणायचे, आणि तो गेलेला असायचा. माझ्या रागाला कुणी माप लावेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या माणसावर माझा असा जीव जडला की त्याच्याविरुद्ध कुणी ब्र काढला तर मी त्याचे दात मोजून हातात द्यायला तयार होतो. घोटाळा झाला तो ह्यातूनच.

गावाबाहेर चारशे मीटरचा सिमेंटचा गोल ट्रॅक होता. तासाभरात जास्तीत जास्त फेऱ्या किती, हा तिथला मोठा विक्रम. एकशे एकवीस. तो ज्याच्या नावावर होता त्याला आम्ही चॅम्पियन म्हणायचो, आणि त्याच्या गुरूला शिट्टी, कारण त्याच्या गळ्यात आंघोळीलाही शिट्टी असावी. दोन वर्षं अर्ज करून दाजींना रविवार सकाळची वेळ मिळाली. विक्रमाची वेळ नोंदवणारे दोघे घड्याळवाले परगावाहून येणार होते. ते पुन्हा यायचे नाहीत, हे त्यांनी लिहूनच कळवलं होतं. दाजी तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते.

शनिवारी दुपारी चाळीस घाव झाले होते, मागचे चार जोड. सांगाडा जागचा हलला नव्हता. ताई मुलीला जेवू घालायला घरात गेली, आम्ही पाणी पीत बसलो. तेवढ्यात दारात शिट्टी उभा. मागे चॅम्पियन आणि त्यांचा एक धिप्पाड दोस्त.

"बघू तरी काय घेऊन येताय ट्रॅकवर," शिट्टी म्हणाला. आत आला, बघितलं आणि हसला. "ही तर खाट आहे. ह्याच्यावर पेशंट झोपवा."

दाजीही हसले. "खाटच आहे. वॉर्ड नंबर चारची."

इथपर्यंत ठीक होतं. पण चॅम्पियनने जाता जाता, उगाच, भिंतीला लावलेल्या मागच्या चाकाला लाथ घातली. तीन तारा वाकल्या. ते चाक बांधायला दाजींना अकरा दिवस लागले होते.

मी त्याची कॉलर धरली. धिप्पाडाने मला मागून उचललं आणि कपाटावर फेकलं. दाजी मध्ये पडले, "अरे, सोडा, सोडा," म्हणत. धिप्पाडाने त्यांची मान धरून डोकं टेबलाला बसवलेल्या लोखंडी शिकंज्यावर आपटलं. भुवई फाटली, दोन्ही डोळे रक्ताने भरले, आणि ते भिंतीला धरून आंधळ्यासारखे चाचपडू लागले. ते बघितल्यावर माझ्या डोक्यात काही उरलं नाही. धिप्पाड माझ्या छातीवर बसला, त्याचा अंगठा माझ्या डोळ्यात होता, तो मी तोंडात धरून हाडापर्यंत चावला. तो ओरडत बाजूला झाला. उठलो, हाताला लागलं ते उचललं आणि चॅम्पियनवर फिरवलं. गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज आला, सुकी काटकी मोडावी तसा. मी पुन्हा उचललं. तेव्हा शिट्टीने घाबरून, निव्वळ सवयीने, शिट्टी फुंकली. आणि आम्ही सगळे थांबलो. शाळेतल्या पोरांसारखे.

माझ्या हातात सांगाडा होता. रद्दची पट्टी बघायला मी मान खाली घातली. पट्टी नव्हती. ती समोर, टेबलाला टेकलेल्या दुसऱ्या सांगाड्यावर लोंबत होती.

मी हातातला सांगाडा पुसला आणि जागेवर टांगला. डोळ्यातलं रक्त पुसत दाजींनी पहिलं काय विचारलं असेल? "त्याला किती लागलंय?" आपल्याच हॉस्पिटलात ते चॅम्पियनला घेऊन गेले, आधी त्याचा हात बांधून घेतला, मग स्वतःच्या भुवईला टाके घालून घेतले. संध्याकाळी परत आल्यावर मला म्हणाले, "त्याच्या मांड्या बघितल्यास? काय कमावल्यात." मग तारा बदलायला बसले. हातात कुठला सांगाडा आला होता ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उद्याची सकाळ गेली असती, आणि मला वाटलं, तिच्याबरोबर मीही गेलो असतो. ह्या घरात मला मोजून मारतो म्हणून जागा होती.

सकाळी टेम्पोत दोन्ही सांगाडे घातले. चाकं, साखळी, कोपराची फळी, सगळं चांगल्या सांगाड्यावर चढवलेलं होतं. रद्दवाल्याचे साठ घाव राहिले होते. शंभर झाल्याशिवाय बसायचं नाही, हा दाजींचा नियम, त्यामुळे ते ट्रॅकच्या मागे, मुताऱ्यांच्या भिंतीपाशी घालायचे ठरले. घड्याळवाल्यांनी पाऊण तास दिला होता.

सांगाडा दगडांवर ठेवला. ताई एका विटेवर बसली. मी हातोडा खांद्यापर्यंत उचलला आणि तिथेच थांबलो. हा आत्ता मोडला तर दाजी घरी जातील. पण हा टिकेल, त्याने चाळीस खाल्ले होते. आणि टिकला तर ते त्या दुसऱ्यावर बसतील, आणि माझा कालचा घाव त्यांच्या खाली तासभर पळेल.

"एक्केचाळीस," ताई म्हणाली. घाव पडला नाही म्हणून तिने वर बघितलं.

"दाजी," मी म्हणालो, "काल मी त्या सायकलीने मारलं."

"कुणाला?"

"चॅम्पियनला. हातात तीच आली. मी बघितलं नाही."

ते सायकलीपाशी गेले. नळ्यांवरून बोटं फिरवत गेले, सीटखालच्या जोडापाशी थांबले. तिथे वाटाण्याएवढा रंग उडाला होता.

"किती जोरात?"

"माहीत नाही."

"खांद्यापर्यंत, की वर?"

"वर. खूप वर."

दाजींनी आयुष्यात कुणावर हात उचलला नव्हता, त्यामुळे त्यांना तो उचलता येत नव्हता. मूठ वळली ती अंगठा आत घालून. पण ती माझ्या नाकावर बसली, नेमकी, आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी खाली बसलो. ते अंगठा धरून वाकले. बघता बघता अंगठा सुजून बटाटा झाला.

"रात्रभर ठेवलंस," ते म्हणाले. "रात्रभर."

"अहो, घरी चला," ताई म्हणाली.

"अगं, ह्याचे चाळीस आपण मोजलेत." ते रद्दवाल्या सांगाड्याजवळ बसले होते. "कुठे बसले, कसे बसले, सगळं मला माहीत आहे. ह्याच्यावर बसतो. त्या एका घावाचं मला काहीच माहीत नाही."

"साठ राहिलेत. नियम तुमचाच आहे."

"आहे ना."

"पुढचे जोड तपासलेलेच नाहीत. मान मोडली तर?"

त्यांनी पाना मागितला. माझ्या हातात अजून हातोडा होता. मनात आलं, दोन घाव, फक्त दोन, डोक्याच्या वरून. दोन्ही सांगाड्यांचा चुरा करायचा. विक्रम गेला खड्ड्यात, माझी बहीण विधवा तर होणार नाही. मी उठलोही होतो. दाजींनी मागे न वळता म्हटलं, "घण्या, तो खाली ठेव आणि चाक धर."

आणि मी चाक धरलं. मी ते का धरलं हे ताईने मला नंतर खूपदा विचारलं. बारा वर्षं घासून बनवलेली गोष्ट त्यांच्या डोळ्यांदेखत फोडायची माझी छाती झाली नाही, एवढंच. वीस मिनिटांत एकाचं सगळं दुसऱ्यावर चढवलं. माझं नाक गळत होतं, त्यांच्या अंगठ्याला पाना धरवत नव्हता. रद्दची पट्टी सोडायला कुणालाच सुचलं नाही.

सुरुवातीच्या रेषेपाशी चॅम्पियन आला होता, हात गळ्यात बांधून. मला बघितल्यावर सरळ चालत आला आणि चांगल्या हाताने पोटात अशी मारली की मी दुमडलो. "फिटलं," म्हणाला, आणि माझ्याच शेजारी कठड्याला टेकून उभा राहिला.

त्या तासाबद्दल काय सांगू? लोकांना वाटतं सायकल चालवणं म्हणजे वारा खाणं. तो माणूस स्वतःला बदडत होता. पस्तिसाव्या फेरीला भुवईचे टाके सुटले. पन्नासाव्याला चेहऱ्याची एक बाजू लाल झाली होती, पुसायला हात सोडता येत नव्हता. सत्तराव्याला सीटचा बोल्ट सैल झाला, सीटचं टोक फिरून मांडीत शिरायला लागलं, आणि प्रत्येक फेरीला मांडीवरचा ओरखडा रुंद होताना मला कठड्यावरून दिसत होता. नव्वदाव्याला ते ओकले, चालवता चालवता, मान जराशी वळवून, आणि वेग अर्धा सेकंदही कमी झाला नाही. वळणावर सायकल तिरकी झाली की खाटेच्या नळ्या कुरकुरायच्या. मी प्रत्येक वळणाला डोळे मिटत होतो. आयुष्यात मी कशालाच घाबरलो नव्हतो, त्या तासात माझी पाचावर धारण बसली होती.

"जनावर आहे," चॅम्पियन म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "डोकं खाली ठेव, डोकं," तो पुढच्या फेरीला ओरडला, आणि मग प्रत्येक फेरीला ओरडत राहिला.

ताई एका जागी बसून मोजत होती. घड्याळवाल्यांकडे फलक होता, पण मी तिचंच ऐकत होतो. एकशे एकवीसला तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. एकशे बावीस म्हणाली, तेवीस म्हणाली, आणि घंटा झाली.

दाजी थांबले नाहीत, कारण त्यांना थांबता येत नव्हतं. अर्धी फेरी तसेच गेले आणि गवतात आडवे झाले. आम्ही धावलो. मांडीचं मांस उघडं पडलं होतं, ओठ चावून फाटला होता. चॅम्पियन एका हाताने त्यांना पाणी पाजत होता. शिट्टी लांब उभा राहून घड्याळवाल्यांशी वाद घालत होता, पण ते ऐकत नव्हते. आकडा लिहिला गेला होता.

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. नाक तसंही फुटलेलं होतं, कुणाला कळणार होतं?

दाजी तासाभराने उठून बसले आणि म्हणाले, "हातोडा आण."

"आता कशाला, अहो?" ताई म्हणाली.

"साठ राहिलेत."

चाकं काढली. त्याच मुताऱ्यांच्या भिंतीपाशी, त्याच दगडांवर सांगाडा ठेवला. दाजी एक पाय लांब करून बसले, मांडीला चादर गुंडाळलेली. पाचवा जोड, पुढचा, जिथे हँडलची नळी बसते तो. ताई विटेवर बसली. मी हातोडा खांद्यापर्यंत उचलला, त्याच्या वर नाही.

"एक्केचाळीस," ताई म्हणाली.

घाव पडला आणि जोड तुटला. नळी मुळापासून निखळली आणि टणटण आवाज करत दगडावरून घरंगळत भिंतीपर्यंत गेली. एक घाव. पहिलाच. आत वेल्डिंग धरलेलंच नव्हतं, नुसती वरवरची कड होती, आणि तिच्यावर एकशे तेवीस फेऱ्या झाल्या होत्या.

दाजींनी ती नळी मागितली, मी दिली. त्यांनी आत बोट घालून बघितलं.

ताई उठली. दाजींच्या समोर उभी राहिली आणि त्यांच्या कानाखाली अशी वाजवली की मुताऱ्यांमधला माणूस बाहेर येऊन बघायला लागला.

"बेचाळीस," ती म्हणाली.

मग माझ्याकडे वळली. मी हातोडा खाली ठेवला आणि गाल पुढे केला.

"त्रेचाळीस."